म्यूट

सव्वापाच. बाहेर अजून शेहेचाळीस.
मानेवाड्याच्या खोलीत कूलर बंद करून बसलेय,
त्याची घरघर गाण्यात येते.

स्क्रीनवर एकवीस चौकटी.
पहिल्या रविवारी सगळ्यांना एकदम गायला लावलं होतं,
बापरे!
इंदोऱ्याचा सम्यक ध्रुवपदावर,
मोमीनपुऱ्याची अल्फिया पहिल्याच ओळीत,
कुणाकडे तरी कुकरची चौथी शिट्टी.
नळाचं पाणी यावं तसं
एकच गाणं, गल्लीगल्लीत वेगळ्या वेळी.

तेव्हापासून सगळे म्यूट.
पेटीचा एक सूर दाबून मी एकटीच गाते,
ती सोबत गातात असं धरून.
ओठ हलतात.
टाळ्या पडतात मागेपुढे, आवाजाशिवाय.
वंशिका मधेच उठून जाते
आणि आंब्याची कोय चोखत परत येते.

काल निहारचा माईक चुकून उघडा राहिला.
त्याचा कूलर, मग आईचं
"हळू ना बे, बाबांची नाइट आहे, झोपू दे,"
आणि त्यातून तो,
बेसूर, शब्द मात्र सगळे बरोबर.

कडवं अर्ध्यात सोडून मी गप्प झाले.
तो गात राहिला आणखी अर्धी ओळ,
मी केव्हाच गाऊन टाकलेली.
मग थांबला.
"मॅडम, तुमचं नेट गेलं काय?"