हार्लिंगेन, साडेचारपर्यंत

साडेचारला शिडी उचलणार, असं तीनदा बजावून
जहाजानं आम्हाला धक्क्यावर सोडलं.
म्हणजे मला.
विद्याधर वरच्या डेकवरच राहिला,
उजवा पाय दुसऱ्या खुर्चीवर, गळ्यात दुर्बीण.
स्वतःचं घड्याळ त्यानं माझ्या मनगटावर बांधलं,
पट्ट्याला सुरीच्या टोकानं आणखी एक भोक पाडून.
‘दोघांच्या वाटचं चालून ये,’ म्हणाला.
जसं काही नैवेद्याचं ताट,
झाकून आणता येईल.

गावात रस्ते आहेत, पण ते पाण्याच्या मर्जीनं वळतात.
बेकरीकडे जावं तर आडवा कालवा :
पलीकडे बेकरी, अलीकडे मी,
मध्ये एक बदक, घरपट्टी भरत असल्याच्या तोऱ्यात.
घरं अरुंद, उंच, किंचित पुढे झुकलेली,
कमी ऐकू येणारी माणसं झुकतात तशी,
आणि प्रत्येकाच्या कपाळावर लोखंडी आकडा.
जिने इतके चिंचोळे
की पलंग, पियानो, कपाटं
सगळी खिडकीतूनच घरात येतात.
एका भिंतीवर कोरलंय सोळाशे सत्तेचाळीस.
खाली पायरीवर ओले बूट वाळत घातलेले,
आत वर्तमानपत्राचे बोळे.
मी त्या सनापेक्षा बोळ्यांपाशी जास्त थांबले.

खिडक्यांना पडदे नाहीत.
एक म्हातारा मटार सोलत होता.
मी पाहिलं, त्यानं पाहिलं,
त्यानं पुढची शेंग उचलली.

मग घंटा वाजू लागली.
लाल-पांढरा दांडा आडवा आला
आणि रस्ता,
ज्यावर मी पाऊल टाकणार होते तोच,
डांबरासकट, पांढऱ्या पट्ट्यांसकट, सावकाश उभा राहिला.
चारला पाच कमी.
जहाज पलीकडे.
सायकलवाले एकेक पाय टेकवून थांबले,
कुणी चुकचुकलं नाही.
एका पोरीनं तेवढ्यात वेणी सोडून पुन्हा घातली.

केबिनमधून एक बाई बाहेर आली,
जाकिटावर नाव : हिस्के.
हातात मासे धरायची काठी,
दोरीच्या टोकाला लाकडी बूट.
तिनं तो खालच्या बोटीसमोर सोडला,
बोटवाल्यानं दोन नाणी टाकली,
लाकूड खणखणलं, बूट वर आला.
‘मासे नाही मिळत?’ मी विचारलं.
‘मासे बोटवाल्यांपेक्षा हुशार असतात.’

बूट डावा होता. आधीच्या पूलवाल्याचा.
आणि उजवा?
‘कुणालाच ठाऊक नाही,’ ती म्हणाली,
‘बत्तीस वर्षं हा एकटाच नोकरी करतोय.’

आमच्या दारातल्या रॅकवर विद्याधरचा
प्रत्येक डावा बूट टाचेला झिजलेला,
उजवा जवळजवळ कोरा.
चांभार विचारतो, हा एकच करायचा ना?
मी म्हणते, दोन्ही करा.
पैसे जातात. जाऊ देत.

पाच बोटी होत्या. घड्याळ धावत होतं, मी नव्हते.
शेवटच्या बोटीला हिस्केनं काठी माझ्या हातात दिली,
कदाचित मी फार वेळ बघत राहिले म्हणून.
बूट हवेत गोल फिरला, दोनदा चुकला.
नारिंगी लाइफ जॅकेटातल्या एका पोरानं
तो दोन्ही हातांनी धरून ठेवला
आणि त्यात काहीतरी अगदी हळू ठेवलं.
वर आला तर शिंपला.
‘घेऊन जा,’ हिस्के म्हणाली,
‘शिंपले हिशेबात धरत नाही आम्ही.’

रस्ता खाली आला, पुन्हा रस्ता झाला.
मी पळाले. एकसष्टाव्या वर्षी, साडीला पिन नसताना.

चार अठ्ठावीस.
‘दुर्बिणीत दिसत होतीस,’ विद्याधर म्हणाला,
‘मग एक आख्खा रस्ताच उभा राहिला मध्ये.
किती चाललीस?’
‘फार नाही. उभीच होते.’

त्यानं माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडलं,
पट्ट्याचा वळ अंगठ्यानं चोळला.
मी मूठ उघडली.
शिंपला नखाएवढा, त्यात कुठलाच समुद्र मावला नसता.
तरी त्यानं कानाला लावला, डोळे मिटले.
‘घंटा वाजतेय,’ म्हणाला.

लबाड.