हरकत

भूखंड क्रमांक एकशे अठरा ब, घणसोली.
नकाशात हिरवा होता.
आता निळा करायचाय म्हणतात.

हे मला कुणी सांगायला आलं नाही.
कापसेंच्या सुनेनं गव्हाच्या डब्यावर
झाकण म्हणून घातलेला कागद,
त्याच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत:
हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत.
चोवीस गेले होते.

गिरणी चालूच होती. मी तीनदा वाचलं,
आणि त्या नादात कुणाच्या तरी ज्वारीवर
कापसेंचा गहू ओतला.
ती म्हणाली, हरकत नाही.

मी तरी दुसरं काय म्हणत आले?
बारावी झाली, पुरे म्हणाले. हरकत नाही.
पाणी पहाटे तीनला सोडतात. हरकत नाही.
मतदार यादीत विलासिनीचं विलास झालं,
लिंग पुरुष, वय बरोबर.
केंद्रावरचे सगळे हसले, मीही हसले,
ओळखपत्र दाखवलं, बोटाला शाई लावून घेतली.
हरकत नाही.

आपल्याकडे हा शब्द
'नाही'च्या खुंट्याला बांधलेलाच असतो.
सुटा मी कधी पाहिलाच नव्हता.

फुलस्केप घेतला. डावीकडे समास.
पहिला कागद रागात गेला.
दुसऱ्यात नुसता हिशेब: संध्याकाळची मुलं अडतीस,
चेंडू दोन, जवळचं दुसरं मैदान महामार्गापलीकडे.
थळे सर म्हणाले, भावना काढ, कलम घाल.
मला कलम एकच ठाऊक, आंब्याचं.
त्यांनी दुसरं शोधून दिलं.

सह्या गोळा करताना बेबीबाई मढवींच्या ओट्यावर गेले
ते भीतभीतच.
एकशे अठरा ब म्हणजे त्यांचं खाजण.
तिथं त्यांचं भात होतं, आमच्या इमारती यायच्या आधी.
म्हातारी कागदाकडे बघत राहिली.
"जमीन नेली तवा कुनी इचारला नाय," म्हणाली.
मी कागद घडी घालायला लागले.
"आता इचारतान तं सांग की.
पोरा खेलतान थय. आन तो डबा."
आणि अंगठा असा दाबला
की शाई मागच्या पानावर उमटली.

विभाग कार्यालयात आवक खिडकी जेवायला गेली होती.
आल्यावर म्हणाली, झेरॉक्स लावा.
लावली.
गोल शिक्का, तिरका. क्रमांक त्रेसष्ट.
पोच हातात घेऊन मी जिना उतरले
आणि मध्येच थांबून पुन्हा वाचली.
नाव विलासिनीच होतं.

सुनावणीच्या दिवशी शटरवर खडूनं लिहिलं:
दुपारपर्यंत गिरणी बंद. सुनावणी आहे.
लोकांनी विचारलं, केस कुणावर?

मुख्यालयात गारठा. तीन मिनिटं प्रत्येकी.
इस्त्रीचा शर्ट आणि जाड फाइल असलेल्या गृहस्थांना
तीन मिनिटं जरा लांबलचक मिळाली.
मग माझं नाव.
पट्ट्याच्या आवाजावर बोलायची सवय माझी,
इतकं मोठ्यानं बोलले
की मागचा डुलकी घेणारा माणूस
उठून बसला.
साहेबांनी काहीतरी लिहिलं.
मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला.
'नोंद घेतली' असावं.
'गोंधळ'सुद्धा असू शकेल.

चार महिने झाले. उत्तर नाही.
भूखंडाला तीन बाजूंनी पत्रे लागलेत.
चौथ्या बाजूनं मुलं आत जातात,
बेबीबाई तिथंच दगडावर बसतात
आणि षटकार गेला की चेंडू लपवून ठेवतात.

पोच मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीय.
पीठ लागून थोडी पांढरी झालीय.

काल कापसेंची सून आली, तांदळाचं पीठ घेतलं,
चिमटीत चोळून पाहिलं. जाड होतं.
सवयीनं म्हणायला गेली, हरकत...
आणि थांबली.
माझ्याकडे पाहिलं.
"आहे," म्हणाली.

मी दगड जरा जवळ घेतले
आणि पुन्हा दळायला घातलं.