आरोपी क्रमांक चार

चहावाला गेंदालाल साक्ष देतो:
"चार कट दिए थे साब, शक्कर कम."
मी टंकते, चार कट.
मग पुसून: चार अर्धे ग्लास चहा.

इंदूरच्या जिल्हा कोर्टात एकोणीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं माझ्या बोटांतून गेली.
हिंदीत षड्यंत्र रचतात, विटांसारखं.
आमच्या मराठीत कट शिजतो,
आणि शिजताना वर झाकण लागतं.

पतपेढीच्या खातेवह्या जाळायच्या होत्या.
जळल्या नाहीत. रॉकेलचा डबा गळ्यापर्यंत भरलेला सापडला,
काडेपेटीतली एक काडी ओढलेली नव्हती.
सरकारी वकीलबाई म्हणतात, गरजच नाही.
एकाच्या मनात आहे तोवर त्याचा आणि देवाचा मामला,
दुसऱ्यानं मान डोलावली की गुन्हा पुरा.

तर प्रश्न मानेचा आहे.
श्रीधर बिडवई, शिपाई. रेकॉर्ड रूमची चावी ह्याच्या कमरेला.
तिघं बोलत होते, हा ग्लास तळहातावर फिरवत होता.
"चौथे ने क्या कहा?"
"उसने तो साब बस… हूँ."

बचावाचे वकील उठतात. कसं हूँ?
लांब की तोकडं? वर गेलेलं की खाली बसलेलं?
गेंदालाल करून दाखवतो.
पुन्हा करतो. दर वेळी निराळंच निघतं.
साहेब माझ्याकडे बघतात: लिहून घ्या.

काय घेऊ?
ह, दीर्घ ऊकार, वर चंद्रबिंदू,
जो मराठीत मला कधी लागत नाही.
एवढ्याशा जागेत एका माणसाची सात वर्षं.

देवासला मामा गोष्ट सांगायचा,
हुंकार थांबला की तोही थांबायचा.
राक्षसानं राजकन्येला उचललं. हं.
विहिरीपाशी आणलं. हं.
आम्ही पोरं, आमचा काय संबंध?
पण एका रात्री सगळेच गप्प राहिलो असतो
तर ती काठावरच उभी असती अजून.

गेल्या दिवाळीत, रामबागेत,
भाऊ जेवता जेवता म्हणाले,
मंदाआत्याचा अंगठा घेऊन टाकू, तिला आता कुठे कळतंय.
माझ्या हातात आमटीची पळी होती.
मी अजून कोण घेणार, असं विचारलं.
त्याआधी काय म्हटलं
ते कुठे टंकलेलं नाही.

जबानी साक्षीदाराला वाचून दाखवायची असते.
मी वाचते. रॉकेल, काडेपेटी, चार अर्धे ग्लास.
मग ते अक्षर येतं
आणि आवाज चढवू की उतरवू, कळत नाही.
पिंजऱ्यात बिडवई पहिल्यांदाच मान वर करतो.
मी ते कसंबसं म्हणते.

"बराबर लिखा है?" साहेब विचारतात.
गेंदालाल खिडकीबाहेर बघतोय,
दुकानावर पोरगं एकटंच आहे.
"हूँ," म्हणतो.