खाली म्हणजे खाली

बेदाण्याचं शेड माघापर्यंत मोकळं असतं,
म्हणून विमान तिथं.
हिरव्या जाळीखाली, डिपिंग ऑइलच्या जुन्या वासात,
दोन माणसांचं. बसलेलं अजून कुणी नाही.

शेपटीत शिरायला मीच.
ह्यांचे खांदे अडकतात, पोराला झुरळांची भीती.
टॉर्च दातांत, कोपर फासळीला घासून सोललेलं,
आणि तार, उदबत्तीच्या काडीपेक्षा जराशी जाड,
एका पुलीच्या खाचेत बसवायची,
मग दुसरीच्या, मग तिसरीच्या.
कुठं घासायला नको.
घासली तर आज नाही, दोनशे तासांनी तुटेल,
हे पुढच्या सीटवरनं सांगतात.
मी म्हणते, दोनशे तासांचं पेट्रोल कोण देणार?

ताण किती द्यायचा?
बागेच्या तारा आवळणारा म्हादू म्हणाला, पिळा की,
अजून दोन पीळ बसतात.
त्यानं द्राक्षमांडवाच्या हिशोबानं पिळलं
तर दांडी जागची हलेना.
सैल केलं, तर पडायला आलेल्या दातासारखी
लुकलुकायला लागली.

मिरजेचे बाबालाल शिकलगार बेदाणा न्यायला आलेले.
तीन पिढ्या सतारीच्या. ह्यांना वाटलं, कान आहे, सांगतील.
त्यांनी नखानं छेडली. वाकून ऐकलं. परत छेडली.
"ही माझ्यातली नाही," म्हणाले, "मीटर आणा."
आणि दोन किलो जास्तीचा घेऊन गेले.

मीटर बेळगावहून आलं, उसनं.
आकडा जमला.
टर्नबकलमधनं बारीक तार ओवून टोकं दाबताना
बोट फाटलं, हळद भरली, सहा वाजले.

मग हे आत बसले, मी शेपटीपाशी उभी.
"दांडी मागं ओढली. पान वर गेलं?"
"खाली."
"मागं ओढलीय मी. वर म्हण."
"खाली म्हणजे खाली."
जाळीत एक पाकोळी अडकून फडफडत होती.
पुन्हा ओढली. पुन्हा खाली.

हे बराच वेळ उतरलेच नाहीत.
मला दिसला तो कवलापूरचा माळ,
उठायचं म्हणून दांडी छातीशी घेतलेली
आणि नाक मातीकडं.

तिसऱ्या पुलीपाशी टॉर्च निसटला होता,
तेव्हा वरची तार खालच्या खाचेत गेली, माझ्याच हातानं.
सांगितलं तसं.
हे म्हणाले, नकाशा मी काढलेला.
एवढंच. मग पक्कड घेतली,
आठवड्याचं काम तासाभरात कापलं.

परत शिरले तेव्हा वरच्या तारेला
जुन्या साडीच्या लाल काठाची चिंधी बांधून नेली.

माघ लागला. द्राक्षं आली.
विमान ताडपत्री पांघरून चिंचेखाली गेलं.
कागद पुण्यात अडकलेत, का दिल्लीत, कोण जाणे.
रात्री हे झोपेत गोधडी छातीशी ओढतात
आणि मी, अर्धवट जागी,
"वर," म्हणते,
"हां, आता वर."