पाचव्या गिअरमध्ये

पुलीला दोन कडी असतात, एकात एक,
आणि मध्ये रबर.
हे मला कळलं बेचाळिसाव्या वर्षी,
कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसच्या पार्किंगमध्ये,
फ्रिजच्या पुठ्ठ्यावर उताणी पडून.

रबर सुटलं होतं. बाहेरचं कडं डुगडुगत होतं
सैल बांगडीसारखं,
आणि सकाळी पट्टा असा किंचाळायचा
की तळमजल्यावरच्या डिमेलोबाई खिडकी लावून घ्यायच्या.
गॅरेजवाला म्हणाला, साडेसहा हजार. नाहीतर विकाच ना मॅडम,
अठरा वर्षांची झाली.
मी म्हटलं, बघते.

बाबांची पत्र्याची पेटी काढली.
दहा, बारा, चौदा, एकोणीस, सगळे आपापल्या खळग्यात.
सतराच्या खळग्यात एक वाळलेली सुपारी.
झाकणाच्या आत बारीक ब्रशने, पांढऱ्या रंगात:
१७ चा सॉकेट – खानविलकर – ३ मार्च.
साल नाही. परत आल्याची खूण नाही.
आणि क्रँकचा बोल्ट,
अर्थातच,
सतराचा.

खानविलकर सेक्टर पाचला. कानात मशीन.
धामणस्करांची थोरली, मी ओरडून सांगितलं.
ते काही न बोलता आत गेले.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, ग्रीस लावलेला सॉकेट
हातावर ठेवला.
'दहाव्याला आलो तेव्हा खिशात होता,' म्हणाले,
'काढला नाही. बरं दिसलं नसतं.'
मग पायात चपला सरकवल्या आणि माझ्यामागून निघाले.

पुढचं उजवं चाक काढलं,
जॅकवर भरवसा नको म्हणून गाडीखाली सरकवलं.
वॉचमनने नोटीस दाखवली: पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये.
मी म्हटलं, दुरुस्ती नाही, बघतेय.

'नुसता जोर लावलास तर इंजिनच फिरेल,'
खानविलकर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावरून,
'पाचवा गिअर टाक. ब्रेकवर कुणाला तरी बसव.'

कुणाला तरी म्हणजे आईला.
अठरा वर्षं ती डावीकडे बसली, मांडीवर डबा घेऊन.
त्या सीटवर कधीच नाही.
गाऊनवर ओढणी टाकून आली,
चप्पल गाडीबाहेर काढली,
मग बसली.
कुठला ब्रेक?
मधला.
दाबला.
अजून दाब.
अगं, दाबलाय.

हँडलवर नळाचा जुना पाइप चढवला, अडीच फुटी,
आणि सगळी लटकले. काही नाही.
पुन्हा. नाही.
तिसऱ्यांदा माझ्या हातांशेजारी दोन हात आले, डागाळलेले, थरथरते.
टक्.
ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाच आधी कळलं, पाइपातून.
'आला,' म्हणाले.

मग तीन पायांचा पुलर, पाव-पाव आटा,
आणि पुली माझ्या पोटावर.
तिच्यामागून निघाली चावी, अर्ध्या चंद्राची, नखाएवढी,
जिच्यामुळे पुली जागची हलत नाही.
धुळीत पडली तर गेलीच,
म्हणून लवंगेसारखी गालात धरली.
लोखंडाची चव. थोडी बाबांच्या शर्टाच्या वासासारखी.

वरून आवाज: शमे, सोडू का?

तोंडात चावी. मी काय बोलणार?

शाफ्ट पुसला, खाच साफ केली,
नवीन पुलीवरचा कागद फाडला.
शमे?
हं, एवढंच निघालं.
हं म्हणजे काय ते तिने विचारलं नाही.
बाहेरून फक्त तिची पोटरी दिसत होती, निळी शीर ताठ,
पंचवीस मिनिटं
एकाच जागी.

चावी खाचेत. पुली चावीवर. बोल्ट, पाइप, पुन्हा ते चार हात.
पट्टा चढवला. चाक लावलं.
सोड आता, मी म्हटलं,
आणि न्यूट्रल करून बाहेरूनच किल्ली फिरवली.

गाडी नुसती घुमली. किंचाळली नाही.
डिमेलोबाईंची खिडकी तेवढ्यात उघडली,
बहुतेक योगायोग.
खानविलकरांनी सॉकेट पुसून खळग्यात ठेवला,
सुपारी खिशात टाकली.

आई उतरेना.
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
खाली वाकून पायांकडे बघत होती.

'आणि हा डावीकडचा
कशाचा गं?'