छातीमाची फळी

दुर्गा पाण्यात गेली की आठवड्याभरात
आमच्या गल्लीत छातीम फुलतो.
फुलं दिसत नाहीत, हिरवट, पांढुरकी, पानांत दडलेली.
आधी वासच येतो, दिवेलागणीनंतर,
आगंतुकासारखा, चपला न काढता
थेट आतल्या खोलीत.

कुणी म्हणतं वेलदोडा, कुणी म्हणतं करपलेला गूळ.
आमच्या पंडितमशाईंना त्यात
माजलेल्या हत्तीचा मद सापडायचा.
त्यांनी हत्ती कधी हुंगला होता, कोण जाणे;
कालन्यात सर्कस बोटीनं यायची
आणि हत्ती पलीकडच्या काठावरच राहायचा.

आजोबा, निबारण सूत्रधार,
या लाकडाला फारसा मान देत नसत.
दार होत नाही, पलंग होत नाही,
वाळवी तर वाटच बघत असते.
मऊ, पांढरं, नखानं ओरखडा उठेल इतकं गरीब.
"म्हणून पोरांना बरं," म्हणायचे, आणि रंधा मारायचे.
मग काजळी चोळून पाट्या उन्हात ओळीनं.

एका देठाभोवती सात पानं; त्यांच्या मधोमध
शाकचुन्नी बसते, असं घाटावरच्या बायका सांगायच्या.
शंखाच्या बांगड्या वाजवते.
खाली कुणी झोपलं तर छातीवर येऊन बसते.
आणि त्याच भुताच्या अंगाची फळी मांडीवर घेऊन
वसंतपंचमीला पिवळ्या साड्यांतल्या चिमण्या पोरी
सरस्वतीपुढे पहिला 'अ' काढायच्या.
देवीनं कधी हरकत घेतली नाही.

मीही काढला तिथंच.
मग छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून काढून घेतला.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तपोब्रत हालदार आले,
हातात नगरपालिकेचा अर्ज.
झाड काढावे, ही नम्र विनंती. खाली सतरा सह्या.
"दीदीमणी, तुमची तेवढी राहिली."
मी बोलायला तयारच होते:
सावली, पाखरं, सालीचा काढा, मलेरियाची ती सालं,
आजोबा.
तोंड उघडलं, तेव्हा त्यांच्या खांद्यावरची मिमली दिसली.
चार वर्षांची. प्रत्येक श्वासाला
बरगड्यांमधली कातडी आत जात होती
आणि आत कुठंतरी बारीक शिट्टी वाजत होती,
लांबच्या बोटीची असते तशी.
छातीवर बसणं म्हणजे काय,
ते मला घाटावरच्या बायकांनी नीट सांगितलंच नव्हतं.

ज्याच्या अंगावर लिहायला शिकले
त्याच्याविरुद्ध मी माझं नाव लिहिलं.
पूर्ण. वळणदार. शाळेत दाखवतात तसं.
त्या रात्री खिडकी उघडीच ठेवली.
वास आला, रोजच्यासारखा.
त्याला कुणी काही सांगितलं नसावं.

नगरपालिका ती नगरपालिका.
कार्तिक संपला, फुलांचा भुगा गटारात वाहून गेला,
तेव्हा कुठं दोन माणसं शिडी घेऊन आली
आणि हालदारांच्या खिडकीकडच्या तेवढ्या फांद्या
उतरवून, चहा पिऊन गेली.
बाकीचा उभा आहे. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.
कापलेल्या जागांतून पांढरा चीक
दोन दिवस ठिबकत होता. मी मोजत नव्हते,
पण ओटीवरूनच दिसतं.

एक फांदी मी ओढत घरी आणली.
आजोबांचा रंधा गंजलेला, माझा हात मास्तरणीचा;
फळी झाली ती एका कडेला जाड, एका कडेला पातळ.
काजळी मात्र नीट बसली.

वसंतपंचमीला मिमली आली, पिवळी साडी सारखी सुटत होती.
फळी दिली, तर तिनं आधी नाकाशी धरली.
मी घाबरले. तपोब्रतही पुढं झाले.
तिनं लांब श्वास ओढला, पुन्हा एकदा ओढला,
आणि माझ्याकडं फसवल्यासारखं बघत म्हणाली,
"याला तर कसलाच वास नाही!"

मग खडू घेतला.
तिचा 'अ' जाड कडेकडून निघाला
आणि अर्धा फळीवर, अर्धा
माझ्या लुगड्यावर संपला.