निरंक

सव्वीस वर्षं मी बारा बंगल्यावर पाणी तपासते.
गंगापूर धरणातून आलेलं, तुरटीनं खाली बसवलेलं,
वाळूतून गाळलेलं, आणि मग क्लोरीन.
दुपारी जीपमधून जेल रोड, मखमलाबाद, पाथर्डी फाटा.
कुणाच्याही ओट्यावरच्या नळाखाली काचेची नळी,
दोन थेंब, पिवळा रंग, शून्य पूर्णांक दोन.
शेवटच्या रकान्यात एकच शब्द: निरंक.
तो लिहिताना मला कधी
कुणाला मारल्यासारखं वाटलं नाही.

मग दाढेचं निमित्त झालं.
सात दिवसांच्या गोळ्या, वर आणखी सात दिवसांच्या,
आणि पोटात जे बिनसलं ते बिनसलंच.
सकाळी सहादा. रक्त.
सुकदेव बेंडकुळे, आमचा ड्रायव्हर, काही विचारायचा नाही,
फक्त पेट्रोल पंप दिसला
की आपोआप वेग कमी करायचा.

कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला, डॉ. खैरनार.
दुर्बिणीच्या फोटोत माझं मोठं आतडं
उन्हानं सोललेल्या पाठीसारखं.
"आत एक बुळबुळीत थर असतो," त्या म्हणाल्या,
"सारवण समजा.
तुम्ही खाल्लेला कोंडा, सालं
तिथले जंतू आंबवतात. त्यावर भिंत जगते,
सारवण टिकतं.
ते शेजारी उठून गेले. आता पोपडे निघालेत,
आणि तुमचेच पहारेकरी
येणाऱ्याजाणाऱ्यावर काठी उगारतायत."

सुजेवरचं औषध. आणि एक डबी, फ्रिजमध्ये ठेवायची.
"यात काय?"
"जंतू. जिवंत. एकेका कॅप्सूलमध्ये काही अब्ज."
मी हसले, पोट धरून,
कारण हसताना दुखत होतं.
"ते घर करतीलच असं नाही हं.
घेताय तोवर राहतील, मग जातील.
कुणाला लागू पडतात, कुणाला नाही.
पहिलं औषध मात्र सोडायचं नाही."

मला साधुग्राम आठवलं.
मागच्या कुंभात तपोवनात आम्हीच नळ टाकले होते,
शेतांवर रातोरात तंबू, धुनी, भंडारे,
पहाटे चारला माझी काचेची नळी आणि रांग.
शेवटची पर्वणी झाली, तंबू उतरले,
पाइप मोजून परत स्टोअरला.
एक नळ मोजदादीत राहून गेला.
परवा पाहिलं, त्याच्याभोवती सहा घरं आहेत,
कुणीतरी अळू लावलंय.

सहाचे चार झाले. दिवाळीनंतर दोन.
सूज मोजणारा आकडा नऊशेवरून दोनशे दहावर.
कुणामुळे, विचारू नका.
औषधामुळे, अब्जांमुळे, की मिसळ सोडल्यामुळे
(ते सगळ्यात अवघड गेलं),
माझ्याकडे त्याचं रजिस्टर नाही.

सुकदेवनं पेठच्या बाजारातून नागली आणली.
"आंबील करा मॅडम, आमच्याकडं तान्ह्यालाबी देत्यात."
पीठ भिजवलं. दोन दिवस झाले तरी गप्प.
तिसऱ्या दिवशी मला सुचलं, आणि माझी मलाच लाज वाटली:
पाणी माझंच होतं.

तेव्हापासून परातीत पाणी रात्रभर उघडं ठेवते.
सवयीनं सकाळी दोन थेंब टाकून पाहते,
पिवळं होत नाही. शून्य.
या आकड्यावर मी एरवी
साहेबांना लगेच फोन लावते.
आज त्यात पीठ कालवलं,
वर फडकं बांधलं, ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं
आणि कामावर गेले.

नेहमीचे नळ, नेहमीचा रकाना.
निरंक लिहिलं. लिहायलाच हवं.

संध्याकाळी चप्पल न काढता आधी ओट्याशी गेले.
फडकं मधोमध फुगलं होतं.
कान लावला.
आत कुणीतरी
अगदी हळू, एकेक करून,
बोलत होतं.